घरी जाऊन सांगायचंय

काकूंना विज्ञानात काडीचाही रस नव्हता, आणि ही गोष्ट त्या कुणापासून लपवतही नव्हत्या. लग्न मात्र विज्ञानाच्या मास्तरांशी झालं होतं.

दिवसभर शाळेत शिकवूनही सरांचं मन भरत नसे. म्हणून त्यांनी तरुणपणीच चार मित्र गोळा करून एक मंडळ काढलं. महिन्यातल्या एका शनिवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कुणा जाणकाराचं व्याख्यान आणि एका रविवारी निसर्गात भटकंती. व्याख्यान सगळ्यांना खुलं. शहर वाढत गेलं, जिथे आधी पक्षी बघायला जायचे तिथे बसचा डेपो उभा राहिला, तशी भटकंतीही आणखी आणखी लांब सरकत गेली. जुनी दगडखाण, खाडीचा चिखल, मैलापाणी साफ करायची तळी. त्या तळ्यांवर म्हणे सगळ्यात चांगले पक्षी येतात. काकू तिथे एकदाच गेल्या, नाकाला रुमाल लावून बसमध्येच बसून राहिल्या आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "पक्ष्यांना नाक नसतं का हो?" त्यावर सर जेवण होईपर्यंत बोलत होते. त्यानंतर काकूंनी पक्ष्यांबद्दल काही विचारलं नाही.

त्यांचं स्वतःचं छोटं दुकान होतं. कपडे दुरुस्त करायचं. नवं काही त्या शिवत नसत. चेन बदलणं, कंबर सैल करणं, पँटची लांबी कमी करणं, उसवलेलं पुन्हा शिवणं. पुढे दुकान, मागे घर. शनिवारी दुपारी दुकान बंद करून त्या वाचनालयात जायच्या, खुर्च्या मांडायच्या, चहाची किटली लावायच्या आणि शेवटच्या रांगेत एखादी पँट मांडीवर घेऊन दुमड घालत बसायच्या. पुढे कुणी ताऱ्यांवर बोलो की किड्यांवर, सगळं डोक्यावरून जायचं. काकूंच्या लेखी व्याख्यान म्हणजे दोन पँटी. वक्ता लांबला तर तीन.

आणि सर म्हणजे बोलण्याची टाकसाळ. पाहुण्यांची ओळख करून द्यायला उभे राहिले की पाहुणे स्वतःच घड्याळ बघायला लागत.

एका सकाळी दाढी करता करता सरांच्या हातातून वस्तरा गळून पडला. आवाज ऐकून काकू आत धावल्या. सर स्टुलावर बसलेले, अर्ध्या गालाला साबण, तोंड एका बाजूला ओढलेलं. काकूंनी शेजाऱ्यांना हाक मारली, गाडी आली, दवाखाना झाला. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. आणि बोलणं गेलं.

"त्यांना सगळं समजतं," डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. "पण मेंदूतून शब्द बाहेर येत नाहीत. काहींचे हळूहळू परत येतात."

सरांचा एक शब्द उरला होता. परवा. तोच का, ते कुणाला सांगता आलं नाही. पाणी हवं असलं तरी परवा, पंखा बंद करायचा तरी परवा, रागावले तरी परवा. दवाखान्यात शाळेतले एक जुने सहकारी भेटायला आले. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "परवा." "बरोबर, बरोबर, परवापर्यंत ठणठणीत व्हाल," म्हणून ते समाधानाने निघून गेले. काकूंना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडात कोंबला. सरांकडे पाहिलं तर तेही डाव्या गालाने हसत होते. दुसऱ्या शहरातून धावत आलेली त्यांची लेक मात्र व्हरांड्यात जाऊन रडली.

सर घरी आले, लेक परत गेली, आणि एक दिवस मंडळाचे सचिव आले. हे दातांचे डॉक्टर. सरांचे पहिल्या दिवसापासूनचे मित्र, मऊ आवाजाचे आणि अतिशय व्यवस्थित.

"वहिनी, आम्ही ठरवलंय," ते चहा घेता घेता म्हणाले. "मंडळ आता थांबवू या. सर नाहीत तर कशाला अर्थ नाही."

पलंगावरून सरांचा डावा पंजा शेजारच्या टेबलावर आदळला. कप थरथरला. "परवा! परवा, परवा, परवा!"

"नको म्हणताहेत," काकू म्हणाल्या.

"पण बघणार कोण? मला चार लोकांसमोर उभं राहायची सवय नाही. माझ्यापुढे माणूस एकेकटा बसतो, तोही तोंड उघडून."

पंजा पुन्हा आदळला. काकूंना त्या आवाजाने कसंतरी झालं. सरांचा चेहरा लालबुंद, गळ्याची शीर टरारलेली. ते शांत व्हावेत एवढ्याच हेतूने त्या म्हणून गेल्या, "मी करते. खुर्च्या मीच मांडते ना? मग दोन वाक्यंही बोलेन."

पुढचं व्याख्यान जमिनीखालच्या पाण्यावर होतं. काकूंनी खरोखर दोनच वाक्यं बोलून वक्त्याची ओळख करून दिली. सभागृहाने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की त्यांना संशय आला, इतकी वर्षं लोक मनातून काय म्हणत असतील. मग त्या पहिल्या रांगेत बसल्या. हातात पँट नाही. समोर चित्रं सरकत होती, वक्ता काठीने दाखवत होता, आणि काकू मान डोलावत होत्या, कारण शेजारचे डोलावत होते.

घरी आल्या तर सर उशीला टेकून वाट पाहत बसलेले. डोळे दाराकडे. त्यांना काय हवंय हे काकूंच्या लगेच लक्षात आलं.

"सांगते," त्या चपला काढत म्हणाल्या. "जमिनीखाली म्हणे मोठमोठी तळी असतात. आपण विहीर खणतो ती त्या तळ्यापर्यंत..."

पंजा टेबलावर. चूक.

"बरं, तळी नाही. नद्या. नद्या वाहतात खाली."

पंजा. "परवा!"

"अहो, मग काय असतं?"

सर सांगू शकत नव्हते. ओठ हलवून पाहिले, डावा हात हवेत फिरवला, काकूंना काही उमजेना. शेवटी त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. जेवले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंना शास्त्र समजत नाही म्हणून ते कधी रुसले नव्हते, कारण तेव्हा त्यांना समजत होतं आणि तेवढं दोघांना पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दुकानातून वक्त्याला फोन लावला. "काल तुमचं व्याख्यान छान झालं, पण मला काहीच समजलं नाही. आणि मला ते घरी सांगायचंय." पलीकडचा माणूस आधी गडबडला, मग हसला, आणि मग त्याने बरंच सोपं सांगितलं. खाली तळं नाही आणि नदीही नाही. दगडाला, मातीला बारीक बारीक भोकं असतात, पाणी त्यांच्यात भरून राहतं. भांडी घासायच्या स्पंजात राहतं तसं. विहीर म्हणजे त्या स्पंजाला पाडलेला खड्डा, चहूबाजूंनी त्यात पाणी झिरपतं. काकूंनी फोन ठेवला आणि हातातली पँट तशीच टाकून आत गेल्या.

"स्पंज," त्या म्हणाल्या आणि भराभर सगळं सांगितलं. सरांचा पंजा टेबलावर तसाच शांत पडून राहिला. त्यांनी मान हलवली. मग बोटाने खूण केली, अजून. काकूंकडे अजून काही नव्हतं. पण सर त्या दिवशी जेवले.

पुढच्या महिन्यात एक खगोलवाले आले. म्हातारे, खणखणीत. बोलणं रंगात आलं असताना काकू पहिल्या रांगेतून उठून उभ्या राहिल्या. 

"थांबा. हे आत्ताचं मला समजलं नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"कुठलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तारा तिथे नसेलही पण दिसतो, म्हणालात. नसेल तर दिसेल कसा? मला घरी जाऊन सांगायचंय. घरी एक जण वाट बघतोय, आणि त्याच्यापुढे थाप चालत नाही."

म्हाताऱ्याला मजा वाटली. त्याने काठी खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दूरच्या गावाला गेलेल्या माणसाने टाकलेलं पत्र यायला वेळ लागतो. पत्र वाचताना तो कदाचित ते गाव सोडूनही गेलेला असेल. उजेडही असाच वाटेत असतो. या वेळी माना डोलल्या त्या वेगळ्या. चहाच्या वेळी दोघे-तिघे काकूंजवळ येऊन हळूच म्हणाले, "बरं झालं तुम्ही विचारलंत. आम्हालाही ते कधी कळलं नव्हतं." त्यातले एक जण मंडळात पहिल्यापासून येत होते.

काकूंचा आवाज बारीक. मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही, बोलण्याच्या भरातल्या वक्त्याला तर ऐकूच यायचा नाही. म्हणून त्यांनी दुकानातली घंटी आणली. गिऱ्हाईक आलं की वाजवायची, गल्ल्याजवळ ठेवलेली, वरून टिचकी मारली की टिंग करणारी. समजलं नाही की टिंग. लोकांना ती भलतीच आवडली. व्याख्यानाला कधी न फिरकणारेही येऊ लागले, खुर्च्या कमी पडू लागल्या, आणि काकूंचं नाव पडलं टिंगकाकू. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या बटणं मांडून, दोरे ताणून सरांना व्याख्यान सांगायच्या. सूर्य म्हणजे कोटाचं बटण, पृथ्वी म्हणजे टाचणीचं डोकं. पंजा आपटला की थांबायचं, बटण हलवायचं, पुन्हा सांगायचं. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू बाबांसारखी बोलायला लागलीस." काकू म्हणाल्या, "आता एवढंच बाकी होतं."

सर स्वतः मात्र कुठे जात नव्हते. वाचनालयाला जिना होता हे एक कारण. दुसरं कारण काकूंना माहीत होतं. जो माणूस त्या सभागृहात वर्षानुवर्षं बोलत आला, त्याला त्याच लोकांसमोर तोंड उघडून परवा म्हणायचं नव्हतं. चाकाची खुर्ची आली होती, पण ती खोलीतून अंगणापर्यंत आणि अंगणातून खोलीत, एवढीच फिरायची.

घंटीची काकूंना चटक लागली, हेही खरं. कौतुक कुणाला नको असतं? पुढे पुढे त्या जरा लवकरच टिचकी मारू लागल्या. समजायच्या आधीच. लोक हसले की बरं वाटायचं.

अशातच एका शनिवारी शहरातल्या वनस्पती बागेच्या संशोधन विभागातली एक तरुण मुलगी आली. विषय होता, भिंतीवरचं मॉस. आपण भिंतीवरच्या सगळ्याच हिरव्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण त्यातलं मखमलीसारखं दिसतं ते मॉस, त्याला चिमुकली पानं असतात, इथपर्यंत तिने सांगितलं आणि ती थांबली. लांबलचक थांबली. काकूंना वाटलं, काहीतरी अवघड येतंय. टिंग. लोक हसले. मुलगी लाल झाली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा मध्येच थांबली. टिंग. तिसऱ्यांदा तिचे ओठ घट्ट मिटलेले, मानेचे स्नायू ताणलेले, एकच अक्षर आत अडकलेलं. काकूंचं बोट सवयीने घंटीवर गेलं.

टिंग.

मुलीने लॅपटॉप मिटला, पिशवी उचलली आणि कुणाकडेही न बघता ती जिना उतरून गेली.

दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "वहिनी, ती बोलताना अडखळते. मी सांगितलं होतं तुम्हाला फोनवर."

सांगितलं असेल. काकूंचं शिलाई मशीन चालू असेल तेव्हा, आणि त्या नुसतं हो हो म्हणाल्या असतील. काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

संध्याकाळी घरी सर नेहमीप्रमाणे दाराकडे डोळे लावून बसलेले. काकू समोर खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मॉसबद्दल काही सांगितलं नाही, जे केलं ते सांगितलं. तिन्ही वेळा कसं वाजवलं, तेही. पंजा आपटेल अशी त्यांची अपेक्षा होती. आपटला असता तर बरं झालं असतं. सर काहीच बोलले नाहीत. परवासुद्धा नाही. नुसते बघत राहिले, आणि मग डोळे खाली घातले.

सोमवारी काकूंनी दुकानाला कुलूप लावलं आणि दोन बस बदलून त्या बागेत गेल्या. मुलगी काचेच्या घरात होती, कुंड्यांमधून वाकलेली, हातावर माती. काकूंना पाहून ती ताठ झाली.

"मी माफी मागायला आलेय," काकू म्हणाल्या. "सबब काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझं लक्ष नव्हतं. आणि लोक हसत होते ते मला आवडत होतं."

मुलीने हातावरची माती पुसली.

"लोक माझं वाक्य... पुरं करतात," ती म्हणाली. एकेक शब्द दगडावर पाय ठेवावा तसा ठेवत होती. "ते मला नको असतं. तिसऱ्या वेळी शब्द अगदी... तोंडाशी आला होता."

"माझ्याच घरात एक माणूस आहे," काकू म्हणाल्या. "जन्मभर बोलत आला. आता एकच शब्द येतो त्याला. तासन्‌तास वाट बघते मी त्याच्या तोंडाकडे बघत. आणि तुमच्यासाठी मला एवढंसं थांबता आलं नाही."

"कुठला शब्द?"

"परवा."

मुलगी एकदम हसली. मग काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून घाईने म्हणाली, "तसं नाही हो. माझी गाडी नेमकी... प... 'प'वरच अडते. शनिवारी तेच झालं. सगळे शब्द सोडून त्यांना... तोच मिळाला?"

काकूही हसल्या. मग दोघींनी तिथेच उलट्या कुंड्यांवर बसून चहा घेतला. "सभागृहात पुन्हा बोलणार नाही," मुलगी म्हणाली. "तुमच्यामुळे नाही. मॉस चित्रात बघायची गोष्टच नाही."

"मग निदान घरी या. व्याख्यान बुडालंय एका माणसाचं."

ती शुक्रवारी कामावरून सुटल्यावर आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने भिंग ठेवलं, पिशवीतून भिंतीचा एक हिरवा तुकडा काढला, आणि सरांसमोर बसून जे सभागृहात सांगायचं राहिलं होतं ते सांगू लागली. काकू ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. मॉसला मुळं नसतात, नुसते धरून ठेवायचे केसासारखे धागे असतात. पाणी ते सगळ्या अंगाने पितं. ती अडली की सर थांबायचे. मान हलवायची नाही, डोळे वटारायचे नाहीत, मदत करायची नाही. नुसतं थांबायचं, जसं काही जगात दुसरं काम नाही. आणि मग सरांनी काही विचारायला तोंड उघडलं, परवा म्हणाले, बोटाने दाखवलं, पुन्हा परवा म्हणाले, तेव्हा तीही तशीच थांबली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "उन्हात काय होतं त्याचं, असं विचारताय?" सरांनी जोरात मान हलवली. काकूंना हे जमायला कितीतरी आठवडे लागले होते. त्यांना जरा हेवाही वाटला.

"येताना बघितलं," मुलगी निघताना म्हणाली. "तुमच्या गल्लीतच बरेच प्रकार आहेत. इथून बस थांब्यापर्यंत. मंडळाची भटकंती गल्लीतच ठेवली तर? जिना नाही, बस नाही. सर आले तर मी... बोलेन."

काकूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी खुर्चीच्या चाकाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "परवा."

हो की नाही, कुणाला कळावं? या वेळी मात्र काकूंनी शब्द आहे तसाच घेतला. परवा रविवार होता. त्यांनी लगेच दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"परवा? वहिनी, लोकांना कळवायचं कधी?"

"आत्ता. दात दुखायला लागला की लोक तुम्हाला आठवडाभर आधी कळवून येतात का?"

रविवारी सकाळी दुकानासमोर माणसं जमली. नेहमीचे होते, शेजारचे होते, दोन-तीन जण नुसतेच गर्दी दिसली म्हणून थांबलेले. काकूंनी सरांना इस्तरीचा शर्ट घातला, दाढी करून दिली, पाण्याची बाटली मांडीवर दिली, आणि खुर्ची उंबऱ्यावरून खाली उतरवली. लोकांनी नमस्कार केले. सरांनी डावा हात वर केला, तोंड मिटलेलं ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला.

एरवी बस थांब्यापर्यंतचा रस्ता म्हणजे काय, चालायला लागलात की संपला. त्या दिवशी संपता संपेना. गटाराच्या कठड्यावर एक मॉस, पाण्याच्या गळक्या पायपाखाली दुसरं, जुन्या जिन्याच्या सांध्यात तिसरं. माणसं ओणवी होऊन भिंगातून बघत होती. मुलगी बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. एकदा ती अडली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी, बिचाऱ्यांनी चांगल्याच मनाने, पुढचा शब्द पुरवला.

"डॉक्टर," काकू म्हणाल्या, "रोज दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगता. आज तुमचं मिटा."

लोक हसले, डॉक्टरही हसले, आणि त्यानंतर कुणी शब्द पुरवला नाही. थोड्या वेळाने सगळ्यांनाच त्या चालीची सवय झाली. ती थांबली की लोक भिंत बघायचे.

शाळेच्या कुंपणभिंतीशी ते आले. उन्हाचे दिवस, महिनोन्‌महिने पाण्याचा थेंब नाही. भिंतीच्या वरच्या कडेला काळपट तपकिरी पापुद्रा होता, जळलेल्या कागदासारखा. शेजारच्या एका बाईंनी नखाने कोरून पाहिलं. "हे तर मेलंय."

"मेलं नाही," मुलगी म्हणाली. "याला फक्त... प..."

अडली. ओठ मिटले. प, प, आणि पुढे काही नाही. काकूंनी स्वतःची बोटं मुठीत घट्ट धरली. माणसं भिंतीकडे बघत राहिली.

तेवढ्यात सरांनी बाटली दोन गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने झाकण फिरवायला लागले. काकू मदतीला पुढे झाल्या, मग थांबल्या. झाकण घरंगळत गटाराकडे गेलं. सरांनी खूण केली, खुर्ची जवळ घ्या. काकूंनी ती भिंतीला लावली. सरांनी हात उंचावून बाटली वाकडी केली, पाणी त्या पापुद्र्यावर पडलं, भिंतीवरून ओघळलं, त्यांच्या इस्तरीच्या शर्टावरही आलं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि वाट बघत राहिले.

"पाणी," मुलगी म्हणाली. "याला फक्त पाणी लागतं."

आधी काही झालं नाही. मग पापुद्रा जरासा हलल्यासारखा दिसला. वळकट्या झालेली बारीक पानं एकेक करून सुटत होती, बाहेर कलत होती, तपकिरीतून हिरवा रंग वर येत होता. भिंगाशिवायही दिसत होतं. पाहता पाहता भिंतीच्या कडेवर हातभर हिरवी मखमल अंथरली गेली. "अगंबाई," शेजारच्या बाई म्हणाल्या. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावू लागले. कुणीतरी आपली बाटली काढून पलीकडच्या पापुद्र्यावर ओतली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच.

सर सगळ्यांकडे बघत होते. जुन्या वर्गात प्रयोग जमला की बघायचे तसे. मग त्यांनी तोंड उघडलं आणि भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "परवा!"

"हो सर," दातांचे डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर सर घरात बसून राहिले नाहीत. प्रत्येक भटकंतीला नाही, पण चाकाखाली सपाट रस्ता असला की जायचे. काकूंनी वाचनालयाच्या प्रमुखांशी भांडून व्याख्यानं खालच्या वाचनकक्षात आणली. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी आधी कुरकुर केली, मग तेच पुढच्या खुर्च्या अडवून बसायला लागले. घंटी काकूंनी दुकानात परत नेऊन ठेवली. काही समजलं नाही तर त्या आता सगळ्यांसारखा हात वर करतात आणि वक्ता वाक्य संपवेपर्यंत तो वरच धरतात. टिंगकाकू हे नाव मात्र गेलं नाही.

सरांना पुढे आणखी काही शब्द आले. हो, नको, चहा, आणि लेकीचं घरातलं नाव. काकूंसाठी त्यांच्याकडे आधीही शब्द नव्हता, नुसतं 'अगं' होतं, त्यामुळे त्याची उणीव भासली नाही. काही वर्षांनी एका पहाटे झोपेतच त्यांना दुसरा झटका आला, आणि ते गेले.

लेक काकूंना आपल्याकडे घेऊन गेली. "आता कुणासाठी राहतेस तिथे?" ती म्हणाली, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. काकू महिनाभर राहिल्या. लेकीचं घर नवं, भिंती गुळगुळीत, जावई स्वभावाने चांगला. शनिवारी दुपारी त्यांना काय करावं कळेना. जावयाच्या धडधाकट पँटींच्या लांब्याही उगाच कमी करून झाल्या. शेवटी जावईच बायकोला म्हणाला, "आईंना परत जाऊ दे, नाहीतर मला चड्डीवर फिरावं लागेल."

त्या परत आल्या आणि दुकान उघडलं. पहिल्या व्याख्यानाला त्या मागच्या रांगेत बसल्या, मधमाश्यांवर होतं. घरी येऊन टेबलाशी बसल्या, आणि सांगायला समोर कुणी नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी मॉसवाल्या मुलीला फोन केला. ती त्या दिवशी आली नव्हती. काकूंनी तिला सगळं सांगितलं, राणी माशी, नाच, पोळ्यातल्या घरांचे सहा कोन, सगळं. दोन ठिकाणी मुलगी म्हणाली, "चूक." काकूंनी दुरुस्त केलं आणि पुढे सांगितलं.

आता दातांच्या डॉक्टरांचे गुडघे गेलेत आणि सचिवपद मॉसवालीकडे आलंय. फोन मात्र काकूच करतात, वक्त्यांना पटवणं हे त्यांचं काम. परवाच गांडुळांवर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापकांशी त्यांचं बोलणं चाललं होतं. ते विचारत होते, श्रोते साधे लोक आहेत तर विषय फार सोपा करून आणू का?

"सोपा नको हो," काकू मान आणि खांद्यात फोन दाबून, चेनला शिवण घालता घालता म्हणाल्या. "आहे तेवढा अवघड आणा. फक्त सावकाश बोला. आणि खरी गांडुळं आणाल का? डबा मी देते."